लूझिंग वेगळं, वाढत्या अंगाची सोय वेगळी

मुलांचे कपडे घरी शिवायला घेतले की "जरा वाढत्या अंगाचं शिव" हा सल्ला हमखास मिळतो. सल्ला चुकीचा नाही. गडबड होते ती त्याचा अर्थ लावताना. सगळ्या मापांत सरसकट दोन-दोन इंच मिळवायचे आणि कापड बेतायचं, असा तो अर्थ घेतला जातो. मग फ्रॉकचा खांदा दंडावर उतरतो, गळा एका बाजूला घसरतो, बाह्या बोटांवर येतात आणि मूल तो कपडा अंगावर ठेवायला तयार नसतं. दोनेक वर्षांनी तोच फ्रॉक बाहेर काढावा, तर छातीत अजून ढगळ आणि उंचीला मात्र आखूड. मुलं झोपल्यावर तासभर मशीनवर बसून शिवलेला कपडा असा वाया जाऊ नये, असं मला फार मनापासून वाटतं, म्हणून हा फरक नीट मांडते आहे.

कपड्यात अंगाच्या मापापेक्षा जास्तीचं कापड दोन कारणांसाठी ठेवतात. पहिलं म्हणजे लूझिंग. मूल आज जे बसतं, पळतं, चढतं, हात वर करतं, त्यासाठी लागणारा सैलपणा. दुसरी म्हणजे वाढीची सोय. सहा महिन्यांनी, वर्षाने अंग वाढेल तेव्हा लागणारं कापड. दिसायला दोन्हीही 'थोडं जास्तीचं कापड'च, त्यामुळे ती एकमेकांत मिसळतात. पण लूझिंग कपड्यात पहिल्या दिवसापासून मोकळं असतं आणि शेवटपर्यंत तसंच राहायला हवं. वाढीचं कापड मात्र आज बंद असायला हवं, टीप मारून, दुमडून ठेवलेलं. ते वेळ आल्यावर उसवून मोकळं करायचं असतं. वाढीचं कापड आजच मोकळं सोडलं की कपडा ढगळ होतो, आणि लूझिंगलाच वाढीची सोय समजलं की पुढे तो काचायला लागतो.

मूल नेमकं कुठे वाढतं, हे आकड्यांत पाहिलं की अर्धा गोंधळ तिथेच संपतो. पहिल्या वर्षात बाळाची लांबी साधारण 10 इंच वाढते, दुसऱ्या वर्षात 4 ते 5 इंच. त्यानंतर वयात येईपर्यंत वर्षाला सव्वादोन-अडीच इंच. युरोपातले मुलांच्या कपड्यांचे साइज थेट उंचीवरच आहेत: 98, 104, 110, 116 असे 6-6 सेंटीमीटरच्या टप्प्यांनी जाणारे. एक टप्पा म्हणजे ढोबळमानाने एका वर्षाची वाढ. आता त्या एका टप्प्यात बाकीची मापं किती सरकतात? पायाची लांबी सव्वा ते दीड इंच. बाही पाऊण ते एक इंच. छाती जेमतेम पाऊण इंच. आणि खांदा एखाद-दीड सूत, म्हणजे पाव इंचही नाही.

म्हणजे मूल उभं वाढतं, आडवं फार थोडं. छातीत 2 इंच मिळवले तर ती दोन-अडीच वर्षांची वाढ झाली. खांद्यात अर्धा इंच मिळवला तर तीन-चार वर्षांची! आणि सगळा कपडा खांद्यावर तोललेला असतो, त्यामुळे तिथे चूक झाली की गळ्यापासून बाहीपर्यंत सगळंच बिघडतं. खांदा आणि छातीची वरची बाजू आजच्या मापाचीच ठेवायची, तिथे वाढ धरायचीच नाही. ज्यांना तरीही खांद्याची धास्ती वाटते त्यांनी रॅगलन बाही बेतावी. तिची शिवण गळ्यापासून बगलेत तिरकी जाते, खांद्याची ठरावीक कडच नसते, त्यामुळे थोडी वाढ ती आपोआप सामावून घेते.

आता लूझिंग किती? साध्या सुती, न ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या फ्रॉकला किंवा शर्टाला छातीत 3 ते 4 इंच पुरे. चार वर्षांच्या मुलाची छाती साधारण 22 इंच धरली तर तयार कपडा 25-26 इंचांचा. होजिअरीचं कापड स्वतःच ताणलं जातं, तिथे एखादा इंच खूप झाला, काही वेळा तोही नको. पायजम्याला बसायच्या जागी 3-4 इंच हवेतच, कारण मुलं दिवसाचा बराच वेळ उकिडवी नाहीतर मांडी घालून असतात.

पण लूझिंग सगळीकडे सारखंच उपयोगी पडतं असं नाही, आणि इथे सगळ्यात जास्त फसगत होते ती मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईची. हात मोकळा राहावा म्हणून मुंढा खोल कापला जातो. परिणाम बरोबर उलटा होतो. एकदा करून बघा. मुलाला समोर उभं करा, दोन्ही हात वर करायला सांगा आणि तुम्ही फ्रॉकच्या खालच्या कडेकडे बघा. मुंढा बगलेपासून फार खाली असेल तर हाताबरोबर सगळा फ्रॉकच वर चढतो, पोट उघडं पडतं, गळा हनुवटीला लागतो. मुंढा बगलेच्या अगदी जवळ, बोटभर खाली असेल तर हात वर जातो आणि फ्रॉक जागच्या जागी राहतो. हाताची हालचाल मोकळी होते ती उंच मुंढ्याने आणि बाहीच्या दंडातल्या रुंदीने, खोल मुंढ्याने नव्हे. फ्रॉक वर चढतो आहे म्हणजे तो उंचीला कमी पडला असं वाटून खाली झालर जोडली जाते, आणि तक्रार तशीच राहते.

पायजम्याच्या आसनाचंही, म्हणजे कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतच्या उंचीचंही, तेच. अरुंद पायाच्या पायजम्यात आसन खाली लोंबलं की पाऊल मोठं पडत नाही, पायरी चढताना गुडघ्याला कापड ओढतं. मुलाला सपाट स्टुलावर बसवून कमरेपासून स्टुलापर्यंत बाजूने माप घ्यायचं आणि त्यात एक इंच मिळवायचा. तेवढं आसन चालतं. बसायची जागा सैल हवी ती घेरात. आणखी मोकळीक हवीच असेल तर दोन पायांच्या मध्ये चौबगला, म्हणजे वेगळा चौकोनी तुकडा, घालावा.

माप घेण्यातही या दोन गोष्टींची सरमिसळ होते. धावपळीच्या घरात मूल टेपसमोर स्थिर उभं राहील याची खात्री नसते, म्हणून नीट बसणारा जुना कपडा सपाट पसरून त्यावरून माप घ्यायची पद्धत चांगलीच आहे. मीही तेच सुचवेन. फक्त लक्षात ठेवायचं की त्या कपड्याच्या मापात लूझिंग आधीच धरलेलं आहे. बगलेपासून बगलेपर्यंत साडेबारा इंच भरले, म्हणजे पूर्ण घेर 25, आणि त्यातले 3 इंच लूझिंगचेच. सवयीने त्यावर पुन्हा 3 मिळवले तर फ्रॉक 28 इंचांचा होतो. अंगावरून घेतलेल्या मापात लूझिंग मिळवायचं, कपड्यावरून घेतलेल्या मापात नाही. वहीत आकडा टिपताना शेजारी 'अंगाचं' किंवा 'तयार' एवढं लिहून ठेवलं तरी पुढच्या वेळी, चार कामांतून उठून परत बसल्यावर, घोटाळा होत नाही.

वाढीचं कापड कुठे ठेवायचं हे एकदा समजलं की शिवण्यात खरी मजा येते. पहिली जागा फ्रॉकच्या घेरावरचे आडवे टक. अर्धा इंच खोल एक टक घातला की त्यात एक इंच उंची मावते, कारण कापड दुहेरी दुमडलं जातं. असे दोन टक घेराच्या कडेपासून थोडे वर, एकमेकांना समांतर घातले की 2 इंच साठतात. वर्षाच्या सव्वादोन-अडीच इंचांतले साधारण सव्वा इंच फ्रॉकच्या वाट्याला येतात, बाकीची उंची पाय घेतात. त्यामुळे दोन टक वर्ष-दीड वर्ष तरी पुरतात. टकची टीप लांब टाक्याची ठेवा, म्हणजे उसवताना कापडाला भोकं पडत नाहीत. टक आज नक्षीसारखे दिसतात, म्हणून फ्रॉक मोठ्या मापाचा आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. मात्र हे सरळ, चुण्यांच्या घेरालाच जमतं. कळ्यांच्या किंवा अंब्रेला घेरात टकच्या वरचं आणि खालचं कापड सारख्या लांबीचं नसतं, त्यामुळे टक सपाट बसत नाही. तशा फ्रॉकला वाढ खांद्याच्या पट्ट्यांत ठेवावी: पट्टी दोन इंच जास्त लांब, आणि बटणाच्या दोन जागा.

पायजम्याला खालची दुमड दोन इंचांची. त्याहून जास्त हवी असेल तर दुमडीच्या आतल्या बाजूला एक टक लपवता येतो. कमरेला नेफा शिवताना आतल्या बाजूने इंचभर फट उघडी ठेवायची आणि इलॅस्टिकचं दोनेक इंच टोक जास्तीचं आत सोडायचं. कंबर काचायला लागली की तेवढ्या फटीतून इलॅस्टिक ओढून पुन्हा टाका घालता येतो, काम पाच मिनिटांचं. उसवलेल्या दुमडीची जुनी रेघ गडद रंगावर उठून दिसते. त्यावरून लेस किंवा अरुंद पट्टी लावली की ती झाकते.

रुंदीला काहीच ठेवायचं नाही का? ठेवायचं, पण बाजूच्या मार्जिनमध्ये, म्हणजे शिवणीच्या आत राहणाऱ्या कापडात. पुढच्या-मागच्या भागाच्या मिळून चारही उभ्या कडांना नेहमीपेक्षा पाव-पाव इंच जास्त ठेवलं तर पुढे घेरात एक इंच मिळतो, आणि छातीच्या वाढीच्या हिशोबाने तो वर्षभर सहज चालतो. अट एकच: बाहीच्या खालच्या शिवणीतही तेवढंच मार्जिन हवं, नाहीतर छाती उसवून रुंद केली तरी बाही बसणार नाही. यासाठी बाही आधी उघडीच, सपाट असताना मुंढ्याला जोडायची आणि मग बाहीच्या टोकापासून बगलेतून घेरापर्यंत एकच टीप मारायची. शिवताना वेळ वाचतो आणि पुढे उसवायचं काम एकाच शिवणीचं राहतं. मुंढ्याच्या आणि गळ्याच्या गोलाईत मात्र जाड मार्जिन ठेवू नका. तिथे ते टोचतं, गोलाई ताणली जाते.

गळ्याचा प्रश्न दोन्हींत बसत नाही, तो डोक्याचा आहे. मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं: वर्षाच्या बाळाचं सव्वाअठरा इंचांच्या आसपास, पाच वर्षांच्या मुलाचं 20 इंचांच्या आसपास. चार वर्षांत फरक दीड-पावणेदोन इंचांचा. तेव्हा गळा 'पुढे लागेल म्हणून' मोठा कापायचं कारणच नाही. तो लहानच ठेवा आणि पाठीमागे फट देऊन बटण लावा. गळा मोठा कापून नाडीने आवळायची युक्ती तर कृपा करून नकोच. युरोपातल्या ईएन 14682 या मानकानुसार 7 वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना डोक्या-गळ्यापाशी नाडी चालत नाही. नाडी कशाततरी अडकून गळ्याला फास बसू शकतो. घरी शिवताना आपल्याला कोणी तपासायला येत नाही, म्हणून हा नियम आपणच पाळायचा.

वर्षाच्या आतल्या बाळासाठी मी वाढीची सोय करण्याच्या भानगडीत पडणार नाही. वाढ इतकी झपाट्याने होते की टक उसवायला बसेपर्यंत झबलं लहान होतं, आणि पडून राहणाऱ्या बाळाच्या अंगाखाली जाड दुमडी टोचतात. तिथे फक्त बेताचं लूझिंग आणि मऊ शिवणी. दुमडींचे कष्ट दोन वर्षांपुढच्या कपड्यांवर घेतले तर फळतात. आणि सुती कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच बेता. नाहीतर ते पहिल्या धुण्यात आकसतं आणि वाढीसाठी राखलेलं कापड मूल वाढायच्या आधीच संपतं.

कपडा काचतो अशी तक्रार आली की लगेच दुमड उसवू नका, आधी काय कमी पडलं ते बघा. बगलेपासून छातीकडे आडव्या, ताणलेल्या सुरकुत्या दिसत असतील तर रुंदी कमी आहे, बाजूचं मार्जिन सोडा. सुरकुती नाही, कपडा अंगावर सपाट बसतो पण कड वर गेली आहे, तर उंची वाढली आहे, एक टक सोडा. नवाकोरा कपडाच काचत असेल, तर ते लूझिंगचं काम आहे आणि टक उसवून ते भरून निघणार नाही. एका वेळी एकच टक सोडावा. दुसरा तसाच राहू द्यावा. धाकट्या भावंडाकडे फ्रॉक जाईल तेव्हा सोडलेला टक जुन्या खुणेवर पुन्हा घालता येतो, बाजूची टीपही आत घेता येते, आणि छातीतलं 3 इंचांचं लूझिंग त्यालाही तेवढंच लागतं.