ऊतीदान, पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या संशोधनासाठी (खानदेश)

स्तनाचा कर्करोग हाडे, यकृत, फुप्फुसे किंवा मेंदूपर्यंत गेला की तिथल्या गाठीचा तुकडा, छातीत वा पोटात साठलेले पाणी किंवा रक्त रुग्णाने स्वतःच्या संमतीने संशोधनासाठी देणे म्हणजे ऊतीदान. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत नेत्रदान, देहदान हे शब्द लोकांच्या ओळखीचे आहेत. ऊतीदानाबद्दल मात्र रुग्णाच्या घरी सहसा कुणी बोललेलेच नसते.

भारतात 2022 साली या रोगाच्या सुमारे 1 लाख 92 हजार नव्या रुग्णांची आणि 98 हजार मृत्यूंची नोंद जागतिक अंदाजात आहे. बहुतेक मृत्यू रोग पसरल्यामुळे होतात. संशोधकांकडे असलेले नमुने मात्र मुख्यतः स्तनातल्या मूळ गाठीचे असतात, कारण शस्त्रक्रियेत तीच काढली जाते. यकृतातली किंवा हाडातली गाठ सहसा काढत नाहीत, तिच्यावर औषधे देतात. या दोन गाठी एकसारख्या असतातच असे नाही. ईआर, पीआर (संप्रेरकांना प्रतिसाद देणारी प्रथिने) आणि हर-टू (गाठीची वाढ चालवणारे प्रथिन) यांचे अहवालसुद्धा काही रुग्णांत बदललेले दिसतात. ईएसआर-1 या जनुकातला बदल मूळ गाठीत क्वचित सापडतो, पण संप्रेरकांचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्या घेत असताना पसरलेल्या रोगात बऱ्याचदा सापडतो. हे 2013 मध्ये ठळकपणे पुढे आले ते पसरलेल्या गाठींचे नमुने तपासल्यामुळेच, आणि हा बदल असलेल्या रुग्णांसाठी एलासेस्ट्रंट या गोळीला अमेरिकेत 2023 मध्ये मान्यता मिळाली.

खानदेशातल्या रुग्णांच्या बाबतीत हे सगळे एका लहानशा वस्तूपाशी येऊन थांबते : ब्लॉक. मुंबईला टाटा रुग्णालयात जायचे ठरले की 'ब्लॉक आणि स्लाइड सोबत आणा' असे सांगतात. बायोप्सीचा, म्हणजे तपासणीसाठी काढलेला गाठीचा तुकडा मेणात बसवून प्लॅस्टिकच्या चपट्या डबीवर धरलेला असतो, कडेला प्रयोगशाळेचा क्रमांक असतो. याच मेणातून 3 ते 5 मायक्रॉन जाडीचे काप काढून तपासणी होते, आणि उरलेल्या भागावर पुढे संशोधनही होऊ शकते. म्हणून तो जपायला हवा. साध्या खोलीच्या तापमानात तो वर्षानुवर्षे टिकतो, फ्रीज लागत नाही. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो. हे मेण साधारण 56 ते 60 अंशांना वितळते. ब्लॉक सामानाच्या पिशवीत, सावलीत ठेवावा. देताना पावती घ्यावी आणि काम झाले की परत मागावा.

ब्लॉक चांगला होतो की नाही, हे बायोप्सीच्या दिवशीच ठरते. तुकडा लवकरात लवकर, शक्यतो तासाभरात, फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) पडावा आणि त्यात किमान 6 तास, पण 72 तासांपेक्षा जास्त नाही, असा राहावा. गावातून शहरात नमुना पाठवताना इथेच घोळ होतो. हाडाचा तुकडा मऊ करायला तीव्र आम्ल वापरले तर त्यातला डीएनए खराब होतो. काही संशोधनासाठी ताजा नमुना गोठवावा लागतो. ती सोय टाटाची ऊतीपेढी (संशोधनासाठी नमुने साठवणारी जागा) किंवा आयआयटी मद्रास इथली राष्ट्रीय कर्करोग ऊतीपेढी अशा मोठ्या ठिकाणी असते.

संमती उपचाराच्या संमतीहून वेगळी घेतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीची मंजुरी लागते, रुग्णाची ओळख गुप्त ठेवली जाते आणि दिलेली संमती मागेही घेता येते. नकार दिल्याने उपचारात काही फरक पडता कामा नये. दात्याला स्वतःला त्याचा लाभ होईलच असे नाही. हे आधीच स्पष्ट सांगायला हवे. वाचता न येणाऱ्या व्यक्तीचा अंगठा त्रयस्थ साक्षीदारासमोर घेतात. मराठी फॉर्म हातात ठेवून भागत नाही. घरात अहिराणी बोलणाऱ्या आजींना ते अहिराणीत आणि सातपुड्यातल्या बाईला भिली किंवा पावरीत समजावून सांगणारे माणूस हवे. अन्यथा त्या सहीला अर्थ उरत नाही.

मृत्यूनंतर काही तासांत शवविच्छेदन करून अनेक अवयवांतल्या गाठी घेण्याचे कार्यक्रम अमेरिकेत पिट्सबर्ग आणि बेल्जियममध्ये ल्युव्हेन इथे चालतात. खेड्यात घरी मृत्यू आणि त्याच दिवशी अंत्यसंस्कार, या रीतीत ते बसवणे अवघड आहे. वैद्यकीय महाविद्यालयाला केलेले देहदान हे त्याला पर्यायी नाही. तिथे देह शरीररचनेच्या शिक्षणासाठी रसायनांत राखला जातो. नेत्रदान मात्र पसरलेल्या स्तनकर्करोगातही बहुधा करता येते, रोग डोळ्यात गेलेला नसेल तर. त्यासाठी शक्यतो मृत्यूनंतर 6 तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे लागते.