ढगांवरून कोर्टात गेलेली माणसं

टेनेसी राज्याने २०२४ मध्ये कायदा केला की तापमान, हवामान किंवा ऊन किती पडतंय हे बदलायच्या हेतूने हवेत कुठलंही केमिकल सोडायचं नाही. बातमी आली आणि सगळीकडे खिल्ली सुरू, कारण त्या चर्चेत 'केमट्रेल'वाले बरेच घुसले होते, म्हणजे विमानामागे दिसणारी पांढरी रेघ ही सरकारची विषफवारणी आहे असं मानणारी मंडळी (ती रेघ म्हणजे इंजिनातली वाफ गोठून झालेले बर्फाचे कण, बाकी काही नाही). हसण्यासारखं आहेच. पण अमेरिकेत आभाळावरून भांडणं शंभर वर्षांपासून चालू आहेत, आणि सुरुवातीला भांडणारे लोक काही वेडे नव्हते, बहुतेक साधे शेतकरी होते.

१९१६ चं सॅन डिएगो घ्या. दुष्काळ होता, धरण भरत नव्हतं, म्हणून नगरपालिकेने चार्ल्स हॅटफिल्ड नावाच्या पाऊसवाल्याला बोलावलं, मोरेना जलाशय भरून दे, दहा हजार डॉलर देतो म्हणाले. त्याने मनोरा उभा करून कसल्यातरी रसायनांची वाफ सोडली आणि जानेवारीत असा काही पाऊस कोसळला की लोअर ओटाय धरण फुटलं, माणसं वाहून गेली. हा पैसे मागायला गेला तर नगरपालिका म्हणाली, नुकसानभरपाईची जबाबदारीपण घे मग देतो. त्याला एक डॉलरही मिळाला नाही. त्याच्या वाफेने काही झालं असेल असं आज कोणी मानत नाही, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. पण पुढचं जवळपास प्रत्येक प्रकरण याच वळणाने गेलंय.

खरं विज्ञान आलं १९४६ मध्ये. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या व्हिन्सेंट शेफरने नोव्हेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ढगात विमानातून ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) टाकला आणि ढगाखाली बर्फ पडताना दिसला, मग त्याच्याच सहकाऱ्याने, बर्नार्ड व्हॉनेगटने, सिल्व्हर आयोडाइड हे चांदीचं संयुग हे काम आणखी बरं करतं हे दाखवलं. आपल्याकडे २००३ आणि २०१५ मध्ये राज्य सरकारने जो कृत्रिम पावसाचा प्रयोग केला त्याची मूळ कल्पना तीच. तिकडे १९४७ मध्ये लष्कराच्या मदतीने अटलांटिकवरच्या एका चक्रीवादळात ड्राय आइस टाकला, तर ते वळून थेट जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहराला धडकलं! लोक संतापले. वादळ आधीच वळायला लागलं होतं हे नंतर कळलं, १९०६ मध्ये एक वादळ याच वाटेने गेलेलंही सापडलं, पण प्रयोगामागचे नोबेलविजेते अर्व्हिंग लँगम्यूर स्वतःच आमच्यामुळे वळलं म्हणत बसले, मग लोकांना काय दोष देणार.

आणि मग कोर्टकज्जे. मला यातला सगळ्यात मजेशीर भाग हाच वाटतो. १९५० मध्ये न्यूयॉर्क शहराचे जलाशय रिकामे पडले तेव्हा शहराने वॉलेस हॉवेल या हवामानतज्ज्ञाला पाऊस पाडायला नेमलं, तर कॅट्स्किल डोंगरातले हॉटेलवाले कोर्टात गेले, की पाऊस पडला तर आमच्याकडे सुट्टीला येणार कोण? कोर्ट म्हणालं ढगांवर आणि त्यातल्या ओलाव्यावर तुमचा मालकीहक्क नाही, एवढ्या मोठ्या शहराचं पाणी महत्त्वाचं. मग १९५९ मध्ये टेक्सासच्या कोर्टाने बरोबर उलटं केलं. तिथे काही शेतकऱ्यांनी गारांपासून पीक वाचवायला ढगांत फवारणी करणारी एका कंपनीची विमानं लावली होती, जेफ डेव्हिस काउंटीतले गुरंवाले म्हणाले हे आमचे ढग विस्कटतायत, आमच्या कुरणांवरचा पाऊस जातोय, आणि कोर्टाने त्यांच्या जमिनीवरच्या ढगांत फवारणी करायला मनाई केली, म्हणजे निसर्गतः जमिनीवर पडणारा पाऊस जमीनमालकाचाच. एकाच देशात दोन कोर्टं दोन उत्तरं देऊन मोकळी. साठच्या दशकात तिकडे मेरीलँड-पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवर परत तेच: फळबागवाल्यांना गारा नकोत, शेजारच्या मका आणि दूधवाल्यांना पाऊस पाहिजे, त्यात लागोपाठ दुष्काळ. मेरीलँडने १९६५ मध्ये सरळ बंदीच घातली.

म्हणजे बंदी ही काही आजची टूम नाही. फरक एवढाच की जुने बहुतेक कायदे बंदीचे नव्हते तर परवान्याचे होते, कोण करतोय, कुठे करतोय, नुकसान झालं तर पैसे भरायची ऐपत आहे का, एवढं विचारणारे.

विश्वास खरा उडाला तो सत्तरच्या दशकात. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने १९६७ ते १९७२ हो ची मिन्ह मार्गावर (उत्तर व्हिएतनामच्या रसदीची वाट) गुपचूप ढगात फवारणी करून रस्ते चिखलात बुडवायचा प्रयत्न केला, ऑपरेशन पोपाय, आणि हे बाहेर आलं तेव्हा सरकार आधी नाहीच म्हणत होतं. त्यातूनच हवामानाचा शस्त्र म्हणून वापर नको असा १९७७ चा आंतरराष्ट्रीय करार आला. १९७२ च्याच जूनमध्ये साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीत महापुरात २३८ माणसं गेली आणि त्याच दिवशी त्या भागात ढगात फवारणीच्या प्रयोगाची विमानं उडाली होती. पुराशी संबंध नाही असं तज्ज्ञ म्हणाले. कितीजणांना पटलं असेल?

जिओइंजिनिअरिंगची, म्हणजे मुद्दाम ऊन अडवून पृथ्वी थंड करण्याची, भीती नंतरची. १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीच्या गंधकाने पृथ्वी साधारण अर्धा अंश थंड झाली, २००६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ पॉल क्रुत्झेनने हेच मुद्दाम करण्याचा अभ्यास करूया असं लिहिलं, आणि २०२२ मध्ये एका स्टार्टअपने कोणाला न विचारता मेक्सिकोत गंधकाचा वायू भरलेले फुगेच सोडले. मेक्सिकोने बंदी जाहीर केली. हार्वर्ड विद्यापीठाचा असाच, बराच काळ रखडलेला प्रयोग २०२४ मध्ये गुंडाळला गेला. इथे प्रश्न शेजाऱ्याच्या शेतातल्या पावसाचा राहिला नाही, सगळ्यांच्या उन्हाचा झाला, आणि केमट्रेलवाल्यांना आयतं 'बघा, आम्ही सांगत होतो' म्हणायला मिळालं.

२०२५ मध्ये फ्लोरिडाने परवान्याचा जुना कायदा रद्द करून पूर्ण बंदी आणली, पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख डॉलरपर्यंत दंड, शिवाय विमानतळांनी हवामान बदलायचं यंत्र बसवलेल्या विमानांची दरमहा माहिती राज्याला द्यायची. लुइझियानानेही त्याच वर्षी बंदी केली. मग जुलैमध्ये टेक्सासच्या पुरात शंभराहून जास्त माणसं गेली आणि दोन दिवस आधी दूर कार्न्स काउंटीत फवारणी केलेल्या रेनमेकर कंपनीवर लोक तुटून पडले. फवारणीचा परिणाम फार तर काही तास टिकतो आणि तो पाऊस एका विरलेल्या वादळाच्या ओलाव्यातून आला होता हे हवामानतज्ज्ञ सांगत राहिले. तिकडे युटा आणि आयडाहोत मात्र हिवाळ्यात डोंगरावर जास्त बर्फ पडावा म्हणून सरकारी पैशाने सिल्व्हर आयोडाइड सोडणं चालूच आहे, कारण तिथे उन्हाळ्याचं पाणी त्या बर्फातूनच येतं.