समाजमाध्यमांवरील बिनपगारी मॉडरेटर

मजकूर तपासणे, नको तो हटवणे, भांडणे आवरणे ही कामे वापरकर्त्यांकडूनच विनावेतन करून घेण्याची पद्धत. २००५ साली सुरू झालेल्या रेडिट या अमेरिकी संकेतस्थळावरील सबरेडिटांचा, म्हणजे विषयवार गटांचा, रोजचा कारभार प्रामुख्याने अशाच मॉडरेटरांवर चालतो.

तक्रार आलेल्या किंवा यंत्राने अडवलेल्या पोस्ट एका रांगेत साठतात. मॉडरेटर त्या एकेक उघडतो आणि राहू देतो, काढतो किंवा स्पॅम ठरवतो. खरे कौशल्य लागते ते ऑटोमॉडरेटरचे, म्हणजे पोस्ट आपोआप अडवणाऱ्या यंत्रणेचे, नियम लिहायला. शब्द कुठे सुरू होतो नि कुठे संपतो हे नियमात न पाहिल्यास बंदी घातलेली अक्षरे एखाद्या साध्या शब्दात सापडली तरी पोस्ट उडते. मग चिडलेल्यांचे निरोप येतात, त्यांना उत्तरे द्यावी लागतात आणि नियम पुन्हा लिहावा लागतो. शिव्या व धमक्याही मॉडरेटरच्याच वाट्याला येतात.

२०२२ मधील एका अभ्यासाने रेडिटवरील सर्व मॉडरेटरांचे मिळून हे काम दिवसाला किमान ४६६ तास आणि त्याची किंमत वर्षाला ३४ लाख डॉलर धरली. हा आकडा कमीच मानला पाहिजे, कारण तो नोंदवहीत उमटणाऱ्या कृतींवरून काढलेला आहे. नुसते वाचून सोडून दिलेल्या पोस्ट, आपसांतली सल्लामसलत यांची तिथे नोंदच होत नाही.

२०२३ मध्ये रेडिटने बाहेरच्या ॲपना रेडिटकडून माहिती मागवणाऱ्या दर हजार विनंत्यांमागे ०.२४ डॉलर आकारायचे ठरवले. अनेक मॉडरेटर याच ॲपांवरून काम करत. अपोलो ॲपच्या निर्मात्याने वर्षाचा खर्च सुमारे २ कोटी डॉलर होईल असे सांगून ते बंद केले. १२ जूनपासून हजारो सबरेडिट निषेध म्हणून खाजगी, म्हणजे बाहेरच्यांना बंद, झाले. ते उघडले नाहीत तर मॉडरेटर बदलू, अशी ताकीद कंपनीने दिली. वर्षानुवर्षे राखलेल्या गटावर मॉडरेटरचा कसलाच हक्क नसतो, हे तेव्हा उघड झाले. मार्च २०२४ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. तेव्हा काही मॉडरेटरांना ३४ डॉलरच्या मूळ भावाने शेअर घेण्याची संधी मिळाली, पण पैसे त्यांनी स्वतःचे घालायचे होते.

एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीच्या स्वयंसेवकांनी १९९९ मध्ये वेतनासाठी खटला भरला होता. त्यांना ठरलेल्या पाळ्या होत्या, कामाचे अहवाल द्यावे लागत. २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. रेडिट पाळ्या लावत नाही, हजेरी घेत नाही. त्यामुळे इथे नोकरीचे नाते सिद्ध करणे अधिक कठीण आहे.