सूक्ष्म यांत्रिक स्विच: घर्षण, चिकटणं आणि भरवसा

सूक्ष्म यांत्रिक स्विच, ज्याला सगळे मेम्स स्विच म्हणतात, म्हणजे सिलिकॉनवर चिप बनवायच्याच पद्धतीने घडवलेला पण खरोखर हलणारा स्विच. एक पातळ पट्टी, तिच्याखाली इलेक्ट्रोड आणि मधे एक-दोन मायक्रॉनची फट. व्होल्टेज दिलं की पट्टी खाली ओढली जाते, फटीचा साधारण एक तृतीयांश भाग खाली आली की मग तोल सुटून धाडकन बसते आणि कॉन्टॅक्ट लागतो, व्होल्टेज काढलं की स्वतःच्या ताणाने वर येते. १९७९ मध्ये आयबीएमच्या कर्ट पीटरसनने अशा स्विचचं काम छापलं. ट्रान्झिस्टर बंद असला तरी थोडा करंट गळतोच आणि चालू असताना सिग्नलचा काही भाग खातो, इथे मात्र बंद म्हणजे मधे खरीखुरी फट, म्हणून रेडिओवाल्यांना हा स्विच हवाच होता. तरी तो भरवशाने मिळायला कित्येक दशकं गेली, कारण तो चिकटतो आणि झिजतो.

हे का होतं ते समजायला मोठा रिले, म्हणजे कॉइलमधल्या करंटने उघडझाप होणारा स्विच, बघा. आपल्याकडच्या रेल्वे सिग्नलिंगच्या पारंपरिक रिलेत दोन गोष्टी मुद्दाम केलेल्या असतात. एक म्हणजे कॉन्टॅक्ट धातू-धातूचा न ठेवता धातू आणि कार्बनचा ठेवतात, म्हणजे तो वेल्ड होऊन बसत नाही, आणि दुसरं, कॉइलचा करंट गेला की आर्मेचर, म्हणजे कॉइलने ओढलेला लोखंडी भाग, सुटायला त्याचं स्वतःचं वजन कामी येतं. स्प्रिंग थकेल, गुरुत्वाकर्षण थकत नाही, असा तो विचार, आणि माझ्या मते फार चांगला विचार आहे.

सूक्ष्म स्विचमध्ये नेमकं हे वजनच उपयोगाचं राहत नाही. आकार १० पट लहान केला की वजन १००० पट घटतं पण पृष्ठभाग १०० पटच घटतो, म्हणजे जितकं लहान जावं तितका पृष्ठभाग वरचढ. २०० मायक्रॉन लांब, ५० रुंद आणि २ जाड सोन्याची पट्टी धरली तर तिचं वजन भरतं जेमतेम ४ नॅनोन्यूटन, आणि कॉन्टॅक्ट सोडवायला लागणारा जोर १०० मायक्रोन्यूटनच्या घरात असू शकतो, म्हणजे वजनाच्या २५ हजार पट. उलटा धरा, आपटा, काही होणार नाही. सगळी भिस्त पट्टीच्या ताणावर. पट्टी कडक केली तर सुटते चांगली पण खाली ओढायला व्होल्टेज जास्त लागतं, मऊ केली तर व्होल्टेज कमी पण चिकटली की चिकटली. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनने १९५९ च्या भाषणातच सांगून ठेवलं होतं की इतक्या लहान यंत्रांचे भाग एकमेकांना चिकटतील, पण वंगणाशिवाय कदाचित भागेल असंही त्याला वाटत होतं, आणि ते मात्र तेवढं सोपं निघालं नाही.

चिकटण्याचा पहिला आरोपी पाणी. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला, कुठेही जा, पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या आसपास असते. धुतलेली स्टीलची ताटं ओलीच एकावर एक ठेवली की कशी सुटत नाहीत, तोच प्रकार इथे नॅनोमीटरमध्ये होतो: दोन पृष्ठभागांच्या अरुंद फटीत हवेतली वाफ आपोआप पाणी होऊन बसते आणि त्यांना जवळ ओढते. ५० टक्के आर्द्रतेला पाण्याच्या त्या पुलाची वक्रता-त्रिज्या १ नॅनोमीटरपेक्षा कमी असते, ९० टक्क्यांना ती ५ च्या आसपास जाते, म्हणजे खडबडीत पृष्ठभागावरच्या कितीतरी जास्त जागा एकदम पाण्याने जोडल्या जातात. आणि हे वापरतानाच नाही, बनवतानाही होतं. पट्टीखालचा ऑक्साइडचा थर हायड्रोफ्लोरिक अॅसिडने काढून पाण्याने धुतात, ते पाणी सुकतानाच पट्टीला खाली खेचून चिकटवून टाकतं, म्हणून द्रव-वायूची सीमाच राहू नये अशा पद्धतीने, म्हणजे ३१ अंश सेल्सिअस आणि ७३ अॅटमॉस्फिअरच्या वरच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सुकवतात.

मग कोरडं ठेवलं की झालं का, तर नाही, आणि ह्या विषयातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत १९९० च्या दशकाच्या शेवटी पॉलिसिलिकॉनची सूक्ष्म इंजिनं वेगवेगळ्या आर्द्रतेत फिरवून पाहिली, तेव्हा हवा जितकी कोरडी तितका झिजेचा चुरा जास्त पडला. पृष्ठभागावरचा पाण्याचा पातळ थर घासणाऱ्या भागांना वाचवत होता. म्हणजे जे पाणी चिकटवतं तेच झीज थांबवतं. म्हणून आता पाण्याची जागा दुसऱ्या कशाला तरी द्यायची असा रस्ता धरलाय, पृष्ठभागावर पाणी न धरणाऱ्या लांब रेणूंचा एकच थर बसवायचा आणि वरून हवाबंद झाकण.

कॉन्टॅक्टची गोष्ट वेगळी. आपल्याकडे पंपाच्या स्टार्टरचे पॉइंट काळे पडले की इलेक्ट्रिशियन पॉलिश पेपर मारतो, आणि मोठा कॉन्टॅक्ट लागतानाही थोडा घासत लागतो त्यामुळे वरचा थर फुटतो. सूक्ष्म स्विचमध्ये जोरच एवढा कमी की थर फुटत नाही, म्हणून मुळात थर न धरणारं सोनं घेतात. पण सोनं मऊ, सोन्याला सोनं चिकटतं, शिवाय कॉन्टॅक्टवर ०.०८ व्होल्ट पडला तरी टेकलेली टोकं मऊ होतात आणि ०.४३ व्होल्टला वितळतात. करंट चालू असताना उघडझाप केली की एका बाजूचं सोनं दुसऱ्या बाजूला जातं, करंट बंद करून केली तर तोच स्विच कितीतरी जास्त टिकतो. रुथेनियम, प्लॅटिनमसारखे कडक धातू कमी चिकटतात पण हवेत जराशी जरी सेंद्रिय वाफ असली तरी त्यांच्यावर काळपट थर धरतो आणि रोध वाढतो. हे बेल लॅबच्या हर्मन्स आणि ईगन ह्यांनी टेलिफोनच्या रिलेबद्दल १९५८ मध्येच लिहून ठेवलंय.

धातू धातूला टेकतच नाही अशा कपॅसिटिव्ह स्विचमध्ये मधल्या इन्सुलेटरमध्ये चार्ज अडकतो आणि पट्टी चिकटून राहते. चालवायचं व्होल्टेज ५ ते ७ व्होल्टने कमी केलं की आयुष्य साधारण दहापट वाढतं असं २००१ च्या चाचण्यांत दिसलं.

हे सगळं जमू शकतं ह्याचा पुरावा म्हणजे डीएलपी प्रोजेक्टर, सूक्ष्म आरशांच्या चिपने पडद्यावर चित्र पाडणारा. लॅरी हॉर्नबेकने १९८७ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये शोधलेल्या त्या चिपवर लाखो आरसे सेकंदाला हजारो वेळा टेकतात आणि उठतात. तिथेही आधी आरसे चिकटायचे, मग टेकायच्या जागी छोट्या स्प्रिंग दिल्या, वंगणाचा रेणूभर थर दिला आणि ओल शोषणारा पदार्थ आत ठेवून चिप सील केली.

स्विचमध्ये अॅनालॉग डिव्हायसेस कंपनीने २०१६ मध्ये हवाबंद स्विच बाजारात आणला, किमान १ अब्ज उघडझापीचा. सेकंदाला एकदा धरलं तर हे ३१ वर्षांहून जास्त, पण सेकंदाला हजार वेळा धरलं तर साडेअकरा दिवस, म्हणून आकडा आपल्या वापराशी लावूनच वाचावा. हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या बोटीवरच्या यंत्रात असा स्विच असेल तर खारी हवा सीलच्या आत जात नाही, ती आधी कनेक्टर आणि सोल्डर खाते. खरा प्रश्न उष्णतेचा. स्विच सतत लावून ठेवला तर पट्टीचा धातू हळूहळू सैलावतो आणि परत ओढणारा जोर घटतो, उन्हात तापलेल्या डब्यात हे लवकर होतं, त्यामुळे डेटाशीटमध्ये सतत-चालू आयुष्य वेगळं दिलेलं असतं, ते कुठल्या तापमानाला दिलंय तेही पाहावं.