आयएसओ ६ ची फिल्म आणि ट्रायपॉडची सक्ती

‘आयएसओ ६ सारख्या अतिमंद ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर ट्रायपॉडशिवाय फोटो निघतच नाही,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची क्षमता; आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त लागतो.) समज अगदीच निराधार नाही. संध्याकाळी किंवा घरात ते खरंच आहे. पण भर उन्हाचं गणित वेगळं निघतं.

‘सनी १६’ हा जुना नियम घ्या. लख्ख ऊन असेल आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) एफ/१६ असेल, तर शटर उघडं राहण्याचा वेळ साधारण १/आयएसओ सेकंद. म्हणजे इथे १/६ सेकंद, आणि हातात कॅमेरा हलणारच. बहुतेक जण इथेच थांबतात. पण अ‍ॅपर्चर उघडत चला, आकडा लहान तसं छिद्र मोठं: ११, ८, ५.६, ४, २.८. पाच स्टॉप, म्हणजे पाच टप्पे झाले, दर स्टॉपला प्रकाश दुप्पट. शटर पोचलं १/२०० च्या आसपास. ५० मिमी लेन्स हातात धरायला ढोबळमानाने १/५० पुरतं, म्हणजे इथे चांगलीच सवड आहे. मोकळ्या सावलीत तीनेक स्टॉप जातात. तिथे एफ/२ वर १/५० मिळतं, पण श्वास रोखूनच.

किंमत मोजावी लागते ती डेप्थ ऑफ फील्डची, म्हणजे किती खोलीपर्यंत चित्र स्पष्ट दिसतं त्याची. डोळ्यांवर फोकस केला तर कान धूसर. मला तरी ते आवडतं.

फिल्म न खर्चता पडताळा घेता येतो. डिजिटल कॅमेरा आयएसओ १०० ला ठेवून उन्हात एफ/२.८ ला कॅमेरा किती शटर सुचवतो ते पाहा. १/३२०० च्या जवळपास येईल. १०० वरून ६ म्हणजे चार स्टॉप, तेवढं शटर मंद करा: १/१६००, १/८००, १/४००, १/२००. लाल फिल्टर लावलात तर मात्र आणखी तीनेक स्टॉप गेले, मग ट्रायपॉड काढाच.