रॉथ कन्व्हर्जन आणि आरोग्य विम्याचे अनुदान : एका आकड्यावर आलेले दोन कायदे

अमेरिकेत पंचावन्न ते साठच्या दरम्यान नोकरी सोडणाऱ्या माणसापुढे दोन हिशेब एकाच वेळी उभे राहतात. ४०१-के (नोकरीतून मिळणारे) आणि पारंपरिक आयआरए (वैयक्तिक) या निवृत्तीच्या खात्यांत वर्षानुवर्षे साठवलेल्या, पण अजून कर न भरलेल्या पैशांपैकी दर वर्षी किती रक्कम, आजच कर भरून, पुढे करमुक्त राहणाऱ्या रॉथ खात्यात वळवावी (यालाच रॉथ कन्व्हर्जन म्हणतात), हा पहिला हिशेब. ६५व्या वर्षी मेडिकेअर हा ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा मिळेपर्यंत आरोग्य विमा कसा परवडवावा, हा दुसरा. पहिल्यासाठी करपात्र उत्पन्न वाढवून घ्यावे लागते, तर दुसऱ्यासाठी ते आटोक्यात ठेवावे लागते. हा पेच कोणी हेतुपुरस्सर घातलेला नाही. वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या गरजांपोटी झालेले कायदे वर्षाच्या उत्पन्नाच्या एकाच आकड्यापाशी येऊन मिळाले, आणि त्यांतून तो निर्माण झाला.

आयआरए खाते १९७४ च्या निवृत्तिवेतनविषयक कायद्याने आले आणि ४०१-केची तरतूद १९७८ च्या करकायद्यातून आली. दोन्हींचे तत्त्व एकच होते : आज करसवलत घ्या, पैसे काढाल तेव्हा कर भरा. डेलावेअरचे सिनेटर विल्यम रॉथ यांनी हे तत्त्व उलटे केले. सिनेटच्या अर्थ समितीचे ते अध्यक्ष असताना मंजूर झालेल्या १९९७ च्या कायद्याने त्यांच्या नावाचे खाते निर्माण केले. त्यात कर आधी भरायचा आणि नियम पाळून पुढे काढलेल्या रकमेवर, तिच्या वाढीसकट, काहीच भरायचे नाही. जुन्या खात्यातील रक्कम नव्यात वळवण्याची मुभाही त्याच कायद्याने दिली. मात्र वर्षाचे उत्पन्न १,००,००० डॉलरांहून अधिक असणाऱ्यांना ती नव्हती. ही अट २००६ च्या कायद्याने २०१० पासून काढून टाकली, आणि त्यामागचे कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या कायद्यात लाभांश व भांडवली नफ्यावरील सवलतीच्या दरांना मुदतवाढ दिली होती, आणि त्यामुळे पडणारी तूट काही अंशी भरून काढण्यासाठी सरकारला लवकर हाती येणारा कर हवा होता. रॉथ कन्व्हर्जन म्हणजे पुढच्या काळातला कर आजच वसूल करणे. म्हणून ते दार सर्वांसाठी उघडले.

विम्याची कहाणी याहून जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात वेतनवाढीवर निर्बंध आल्यावर कंपन्यांनी कामगार टिकवण्यासाठी आरोग्य विमा देऊ केला, पुढे १९५४ च्या करसंहितेने ही सुविधा करमुक्त असल्याचे पक्के केले, आणि विमा नोकरीला कायमचा बांधला गेला. नोकरी सुटल्यावर साधारण १८ महिने तोच विमा स्वतःच्या खर्चाने चालू ठेवण्याची सोय १९८६ पासून होती. त्यानंतर मात्र बहुतेक राज्यांत विमा कंपनी आधीच्या आजाराचे कारण देऊन अर्ज सरळ नाकारू शकत असे. पुरेशी शिल्लक असूनही केवळ मधुमेह आहे म्हणून नोकरीत अडकून राहावे लागणे ही त्या काळातील खरीखुरी शिक्षा होती, आणि २३ मार्च २०१० रोजी बराक ओबामा यांनी सही केलेल्या आरोग्य विम्याच्या कायद्याचे मोल मोजताना ती विसरता येत नाही.

त्या कायद्याने १ जानेवारी २०१४ पासून आजारपणाच्या कारणाने विमा नाकारण्यास मनाई केली आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना प्रीमियमसाठी अनुदान दिले. अनुदान ठरवण्याची रीत अशी : परिसरातील सिल्व्हर, म्हणजे मधल्या दर्जाच्या, विमा योजनांपैकी दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त योजनेचा प्रीमियम घ्यायचा, त्यातून उत्पन्नाचा ठरावीक टक्का वजा करायचा, उरलेली रक्कम सरकार देणार. येथे उत्पन्नच मोजले जाते, मालमत्ता नाही. बँकेत दहा लाख डॉलर असले तरी हरकत नाही, पण पारंपरिक खात्यातून रॉथमध्ये वळवलेला प्रत्येक डॉलर उत्पन्नात धरला जातो. उलट रॉथमधून नियमानुसार काढलेली करमुक्त रक्कम धरली जात नाही. दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांपर्यंतच अनुदान द्यायचे, ही मर्यादा मूळ कायद्यातच होती. लवकर निवृत्त झालेले लोक तिला कडा म्हणतात, आणि तो शब्द नेमका आहे.

२०२६ साठी दोघांच्या कुटुंबाची ही मर्यादा ८४,६०० डॉलर आहे. समजा, साठीच्या जोडप्याचा आधारभूत प्रीमियम वर्षाला २४,००० डॉलर आहे. उत्पन्न बरोबर मर्यादेइतके असेल तर त्यांनी ९.९६ टक्के, म्हणजे सुमारे ८,४२६ डॉलर भरायचे आणि उरलेले १५,५७४ अनुदानातून यायचे. कन्व्हर्जनमध्ये शंभर डॉलर जास्त वळवले गेले, तर हे सगळे अनुदान जाते. आयकराच्या कोणत्याही टप्प्यात एवढी उडी नाही.

पूर्वी या चुकीवर उतारा होता. केलेले कन्व्हर्जन पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत मागे घेता येत असे. त्यामुळे आधी सढळ हाताने रक्कम वळवून विवरणपत्र भरताना ती मर्यादेत बसवता येई. २०१७ च्या करकायद्याने २०१८ पासून ही सोय बंद केली. तेव्हापासून सावध माणसे वर्षातील व्याज, लाभांश आणि भांडवली नफ्याचे आकडे हाती येईपर्यंत थांबतात आणि डिसेंबरमध्ये कन्व्हर्जन करतात.

मध्यंतरी पाच वर्षे मोकळीक मिळाली. मार्च २०२१ च्या कोविडकालीन कायद्याने कडा काढून टाकला आणि कोणाचाही वाटा उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांवर जाणार नाही अशी व्यवस्था केली. २०२२ च्या कायद्याने ती २०२५ अखेरपर्यंत वाढवली. या काळात मोठे कन्व्हर्जन करणे महाग होते, पण घातक नव्हते. मुदतवाढीच्या प्रश्नावर २०२५ च्या शरद ऋतूत केंद्र सरकारचे कामकाज ४३ दिवस ठप्प झाले, तरीही ही वाढीव मदत वर्षाबरोबर संपली आणि कडा परत आला. शिवाय जुलै २०२५ च्या करकायद्याने वर्षाच्या अंदाजित उत्पन्नावर आगाऊ घेतलेले जादा अनुदान परत करण्यावरील कमाल मर्यादाही २०२६ पासून रद्द केली. माझ्या मते हा बदल कड्याइतकाच कठोर आहे, आणि त्याची चर्चा मात्र फारच थोडी झाली.

खालच्या बाजूलाही एक रेषा आहे, आणि तेथे कन्व्हर्जन उपयोगी पडते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालामुळे मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा, विस्तार राज्यांच्या इच्छेवर राहिला. टेक्सास किंवा फ्लोरिडासारख्या, विस्तार न केलेल्या राज्यांत उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली गेले तर ना मेडिकेड मिळते ना अनुदान. बचतीवर जगणारा निवृत्त माणूस तेथे उत्पन्न रेषेवर आणण्यासाठीच थोडी रक्कम रॉथमध्ये वळवतो.

शतक बदलताना एच-१बी व्हिसावर न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात आलेली मराठी अभियंत्यांची पिढी आता याच वयात पोहोचली आहे. महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील त्यांचे वडील ५८व्या वर्षी निवृत्त झाले ते पेन्शन घेऊन; दर वर्षी आपले उत्पन्न किती असावे हे ठरवण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. या पिढीतील १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांना पारंपरिक खात्यातून सक्तीने रक्कम काढायची आहे ती ७५व्या वर्षापासून. म्हणजे पगार थांबल्यापासून तेथपर्यंतची वर्षे कमी दराने कर भरून रॉथकडे वळण्याची, आणि त्यांतलीच पहिली वर्षे अनुदानाची. ६५ नंतर अनुदानाचा प्रश्न मिटतो, परंतु २००३ च्या कायद्यानुसार जास्त उत्पन्नावर मेडिकेअरचा प्रीमियम वाढतो आणि त्यासाठी दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न पाहिले जाते. त्यामुळे ६३व्या आणि ६४व्या वर्षीचे कन्व्हर्जन दोन्ही मर्यादांशी ताडून पाहावे लागते.