उंचावरून पडून शेतकऱ्याचा मृत्यू : २ लाखांचे अनुदान आणि शवविच्छेदनाची कागदपत्रे

नारळ काढताना माडावरून किंवा कौले परतताना छपरावरून पडून शेतकरी दगावला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसाला २ लाख रुपये मिळतात. वय १० ते ७५ हवे आणि नाव सातबाऱ्यावर हवे. खातेदाराच्या कुटुंबातला, नावावर जमीन नसलेला एक सदस्यही पात्र ठरतो. आत्महत्या, नैसर्गिक मृत्यू आणि नशेत झालेला अपघात मात्र बाद. उंचावरून पडण्याच्या प्रकरणात नेमक्या याच शंका निघतात आणि त्यांची उत्तरे पहिल्या दिवशीच्या कागदांतच असावी लागतात.

म्हणून आधी पोलिसांना कळवा. गावातल्या डॉक्टरकडून ‘हार्ट अटॅक’ लिहून घेऊन अंत्यविधी उरकला, की पुढे सिद्ध करायला काही उरत नाही. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा करतात. अशा प्रत्येक मृत्यूची खबर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनाही दिली जाते; मृत स्त्रीच्या लग्नाला सात वर्षे झाली नसतील आणि आत्महत्येचा किंवा घातपाताचा संशय असेल, तर ते स्वतः चौकशी करतात. अशा मृत्यूत पोलिसांनी शवविच्छेदन ठरवले, तर नातेवाईकांची संमती लागत नाही.

शवविच्छेदनात बरेच काही उलगडते. माणूस पायांवर आदळला तर टाचेची हाडे व मणके मोडतात आणि धक्का वर जाऊन कवटीच्या तळाला, मज्जारज्जू बाहेर पडतो त्या छिद्राभोवती, कड्यासारखी भेग पडू शकते. वरून नुसते खरचटलेले दिसते, आत यकृत फाटलेले किंवा महाधमनी तुटलेली असते. जखमा जिवंतपणीच्या आहेत का, गळ्यावर वळ किंवा दंडावर पकडीच्या खुणा आहेत का, हेही पाहतात. पण तोल गेला, उडी मारली की ढकलले, हे नुसत्या जखमांवरून बहुधा ठरत नाही. त्यासाठी घटनास्थळाचा पंचनामा लागतो, आणि माझ्या मते घरच्यांनी सर्वांत जास्त लक्ष तिथेच द्यावे. झाडाची किंवा छपराची उंची, बुंध्यापासून किंवा भिंतीपासून मृतदेहाचे अंतर, मोडलेली झावळी, फुटलेले कौल, दोर, कोयता : सगळे मोजून लिहिले जाऊ द्या. ‘पडून मृत्यू’ एवढ्या दोन शब्दांवर पंचांनी सही करू नये.

रक्त किंवा व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) रासायनिक तपासणीसाठी न्यायसहायक प्रयोगशाळेत गेला असेल, तर अहवालात मृत्यूच्या कारणाचे मत राखून ठेवलेले असते. मद्याचा प्रश्न तिथेच सुटतो, म्हणून पोलीस ठाण्यात पाठपुरावा ठेवा.

प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत द्यायचा. सोबत सातबारा, गाव नमुना ६-क मधील वारस नोंद, मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, पंचनामे, शवविच्छेदन अहवाल आणि वारसाचे आधार व बँक पासबुक जोडावे. रासायनिक तपासणीचा अहवाल तोवर आला नाही तर तसे लिहून द्या, पण मुदत चुकवू नका, आणि तारखेसह पोच घ्या.